मुळींतील तांबडी रेघ

हिवाळ्यांत महाबळेश्वर-पांचगणीकडून येणारी स्ट्रॉबेरी आतां पुण्यामुंबईच्या घरांत नवलाईची राहिलेली नाहीं. फळांची पेटी घरीं आणून दोन दिवस तशीच ठेवली, तर एखाद्या फळावर करड्या रंगाची मऊ लव चढते आणि पाहतां पाहतां शेजारच्या फळांसही लागते, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. ही लव म्हणजे एक बुरशी होय. शास्त्रज्ञ तिला बोट्रायटिस म्हणतात. ती काल-परवां पेटींत लागली अशी आपली समजूत होते. परंतु पुष्कळदां ती फळ हें फूल होतें तेव्हांच आंत शिरलेली असते, आणि फळ पिकेपर्यंत गुपचूप बसून राहते. रोग जडण्याचा दिवस आणि रोग दिसण्याचा दिवस हे दोन निरनिराळे दिवस असतात. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती या दोन दिवसांमधील अंतराची आहे. ती फळावरील लवेची नसून जमिनीखालीं दडणाऱ्या एका रोगाची आहे, आणि तिचा आरंभ स्कॉटलंडांत झाला.

प्रथम या फळाच्या कुळाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण रोग कसा पसरला याचें बीज त्यांत आहे. आपण खातों ती मोठी, रसाळ स्ट्रॉबेरी रानांत आपोआप उगवलेली नाहीं. आमेदे फ्रेझिए नांवाचा एक फ्रेंच लष्करी इंजिनियर १७१४ सालीं दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाहून मोठ्या फळाच्या स्ट्रॉबेरीचीं मोजकींच रोपें जहाजांतून फ्रान्सला घेऊन आला. उत्तर अमेरिकेंतून आधींच आलेल्या एका लहान पण सुवासिक जातीशीं त्या रोपांचा युरोपांतील बागांत संकर झाला, व त्यांतून आजची स्ट्रॉबेरी जन्मास आली. अशा संकरित झाडाचें बीं लावलें तर मुलगी आईसारखी निघेल याचा भरंवसा नसतो. म्हणून बागाईतदार बियांच्या वाटेस जात नाहींत. रोपास जमिनीवरून सरपटणारे लांब कोंब फुटतात, त्यांस आपल्याकडेही ‘रनर’ असेंच म्हणतात. त्यांच्या टोंकांशीं मुळ्या फुटून जीं नवीं रोपें तयार होतात, तींच वेगळीं करून लावावयाचीं, ही सर्वत्र चालत आलेली पद्धति आहे. त्यामुळें एका जातीचीं लाखों रोपें हीं वस्तुतः एकाच आईचे तुकडे होत. आईची गोडी जशी लेकीकडे येते, तशी आईच्या मुळींतील व्याधिही लेकीबरोबर न सांगतां सासरीं जाते.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागांत क्लाइड नदीच्या खोऱ्यांत लॅनार्कशायर नांवाचा परगणा आहे. ग्लासगोसारखें मोठें औद्योगिक शहर जवळ असल्यामुळें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें स्ट्रॉबेरीची लागवड भरभराटीस आली. फळ शहराच्या बाजारांत जाई, तसें जामच्या कारखान्यांतही जाई. या भरभराटीस १९२० नंतर दृष्ट लागली. वसंत ऋतूंत इतर शेत हिरवेंगार होऊन वाढीस लागलेलें असतांना, सखल भागांतील, पाणी सांचून राहणाऱ्या जागचीं रोपें खुजींच राहूं लागलीं. पानें लहान व निस्तेज, फुलें तुरळक, आणि फळ धरण्याच्या वेळीं जरा कोरडी हवा पडली कीं रोप माना टाकी. असें रोप पाहिलें म्हणजे पाहणाराच्या मनांत पहिला विचार येतो तो पाणी कमी पडल्याचा. परंतु तीं रोपें तर शेतांतल्या सर्वांत ओल्या जागीं उभीं होतीं! पुढील वर्षीं रोगट जागेचा विस्तार वाढे, आणि नवीन रोपें लावलीं तर तींही त्याच वाटेनें जात. हा कोणता रोग, हें सांगतां येईना. तेव्हां ज्या परगण्यांत तो आढळला त्याचेंच नांव त्यास मिळालें, आणि लोक त्यास ‘लॅनार्कशायरचा रोग’ म्हणूं लागले.

बुरशी पिकांचा नाश करूं शकते, ही गोष्ट त्या वेळीं नवी नव्हती. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडून जो दुष्काळ उद्भवला त्यांत सुमारें दहा लाख माणसें मृत्युमुखीं पडलीं. कुजलेल्या पानांवर जी बुरशी दिसते ती कुजण्याचा परिणाम आहे कीं कारण, हा त्या काळीं मोठा वाद होता. ती कारणच आहे, असें रेव्हरंड बर्कले या इंग्रज धर्मोपदेशकानें १८४६ सालीं प्रतिपादिलें; पुढें अँटन डी बॅरी या जर्मन शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं त्याची सिद्धता केली, आणि १८७६ सालीं त्या जीवास ‘फायटॉफ्थोरा’, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा, असें नांव दिलें. आपल्या कोंकणांत व कारवाराकडे पावसाळ्यांत सुपारीच्या बागांवर जो कोळे रोग पडतो, तोही याच घराण्यांतला. हें सारें ठाऊक असूनही लॅनार्कशायरच्या शेतांत शोधकांचें कांहीं चालेना. कारण बटाट्याचा करपा पानांवर उघड दिसतो, आणि येथें पानांवर जें दिसत होतें तें दुखण्याचें लक्षण होतें. दुखणें भलतीकडेच होतें.

या ठिकाणीं एका कर्तबगार बाईंचा परिचय करून दिला पाहिजे. त्यांचें नांव नोरा अल्कॉक. त्यांचे वडील सर जॉन स्कॉट हे १८८२ पासून कांहीं वर्षें आपल्या मुंबईच्या हायकोर्टांत न्यायाधीश होते, व नंतर ते इजिप्तच्या खेदिवाचे न्यायविषयक सल्लागार झाले. नोराबाईंचे पति शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. ते १९१३ सालीं वारले, आणि चार मुलांचा भार बाईंवर पडला. लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेंत काम करून त्यांनीं या विषयांत प्रावीण्य मिळविलें, आणि १९२४ सालीं स्कॉटलंडांत सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या देशांत हें पद प्रथम त्यांनाच मिळालें.

लॅनार्कशायरच्या रोगाचा छडा लावण्याच्या कामीं अल्कॉकबाई व त्यांचे सहकारी यांचा वांटा मोठा आहे. रोगट रोप हलक्या हातानें उपटून मुळ्या धुवून पाहिल्या, तर प्रथम असें दिसतें कीं, मुख्य मुळ्यांस फुटणाऱ्या बारीक उपमुळ्या झडून गेल्या आहेत, आणि मुळी उंदराच्या शेपटीसारखी उघडी पडली आहे. पाण्यांत उभें राहूनही रोप तहानेनें कां मरत होतें, याचा उलगडा येथेंच होतो: पाणी होतें, पण तें पिणारें तोंडच उरलेलें नव्हतें. पुढें त्या मुळीची साल नखानें वा चाकूनें सोलली म्हणजे खरा पुरावा हातीं लागतो. निरोगी मुळीचा गाभा पांढरट असतो. या रोगानें पछाडलेल्या मुळीचा गाभा तांबडा असतो. बाहेरील साल पांढरी, आणि आंत टोंकाकडून वर चढत गेलेली तांबडी रेघ! हें लक्षण दुसऱ्या कोणत्याही रोगाशीं सहसा घोटाळा होऊं देत नाहीं. म्हणूनच ‘लॅनार्कशायरचा रोग’ हें नांव मागें पडून ‘रेड कोअर’, म्हणजे तांबड्या गाभ्याचा रोग, हें नांव रूढ झालें. १९२९ व १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या लेखांतून अल्कॉकबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या रोगाचें वर्णन केलें, आणि त्याचा संबंध फायटॉफ्थोरा-घराण्यांतील जीवाशीं जोडला.

परंतु या तांबड्या रेघेची एक खोड आहे, आणि तिच्यामुळेंच हा रोग इतकीं वर्षें चकवीत राहिला. ती वर्षभर दिसत नाहीं. हा जीव थंड व ओल्या जमिनींत वाढतो. त्याचे बीजाणु मातींतल्या पाण्यांतून पोहत जाऊन कोंवळ्या मुळीच्या टोंकास चिकटतात. म्हणून रेघ दिसावयाची ती हिवाळा सरतांना व वसंताच्या आरंभीं. उन्हाळा आला कीं रोगट मुळी कुजून काळी पडते, तांबडेपणा नाहींसा होतो, आणि नवीन मुळ्या फुटल्या तर त्या निरोगी दिसतात. आतां शेतकरी आपल्या रोपाची काळजी केव्हां करूं लागतो? तें फळाच्या दिवसांत मान टाकूं लागतें तेव्हां. त्या वेळीं त्यानें रोप उपटून पाहिलें, तरी त्यास दिसावयाची ती नुसती कुजकी मुळी. आणि कुजक्या मुळीस शेंकडों कारणें असूं शकतात. पुरावा होता, पण साक्षीदार पोंचेपर्यंत तो पुसला जात असे.

पुढचें पाऊल टाकण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. एखादा जीव रोगाचें कारण आहे असें ठरविण्यास तो रोगट भागांतून वेगळा काढावा लागतो, प्रयोगशाळेंत शुद्ध स्वरूपांत वाढवावा लागतो, निरोगी रोपास देऊन तोच रोग उत्पन्न करावा लागतो, व त्या रोपांतून पुन्हां तोच जीव मिळवावा लागतो. तांबड्या गाभ्याचा हा जीव वाढीस अतिशय मंद. मुळी कुजूं लागतांच आंत शिरणारे इतर उपटसुंभ जीव त्याच्या आधींच बशी व्यापून टाकीत. अखेर सी. जे. हिकमन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९४० सालीं त्याचें सविस्तर वर्णन करून ‘फायटॉफ्थोरा फ्रॅगॅरिई’ असें त्याचें नामकरण केलें. आजचें शास्त्र या घराण्यास खऱ्या बुरशींमध्यें गणीत नाहीं. समुद्रांतील तपकिरी शेवाळाशीं त्याचें नातें अधिक जवळचें आहे असें आतां ठरलें आहे. तथापि त्याची राहणी व त्याचें कार्य बुरशीसारखेंच असल्यामुळें त्याचा अभ्यास आजही बुरशीजन्य रोगांच्या जोडीनेंच होतो.

गुन्हेगाराचें नांव कळलें म्हणून चोऱ्या थांबत नाहींत. या जीवाचे जाड कवचाचे बीजाणु मुळ्यांबरोबर मातींत मिसळून पुष्कळ वर्षें जिवंत राहतात. एकदां बाधलेलें शेत मग स्ट्रॉबेरीस जवळजवळ कायमचें मुकतें. तेव्हां उपाय दोनच उरले. पहिला उपाय, रोगास दाद न देणारी जाति निर्माण करणें. स्कॉटलंडांत ऑखिनक्रुइव्ह येथील कृषि महाविद्यालयांत रीड या शास्त्रज्ञानें अमेरिकन जातींचा उपयोग करून अशा जाति काढल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच ‘ऑखिनक्रुइव्ह क्लायमॅक्स’ ही जाति शेतोशेतीं पसरली. परंतु तिचें सुख अल्पकाळ टिकलें. तिच्या पानांवर पिंवळेपणा येऊन रोपें खंगूं लागलीं. हा दोष कोणत्या जंतूचा नसून तिच्या वंशांतच दडलेला होता, आणि थोड्याच वर्षांत ती जाति नाहींशी झाली. शिवाय रोगाच्या जीवांतही निरनिराळे वंश असतात, व एका वंशास दाद न देणारी जाति दुसऱ्यास बळी पडते, हेंही दिसून आलें.

दुसरा उपाय म्हणजे निरोगी शेतांत रोगट रोप जाऊंच न देणें. ऐकण्यास हा सोपा वाटतो, पण त्यासाठीं रोगट रोप ओळखतां आलें पाहिजे, आणि येथेंच खरी अडचण होती. तांबडी रेघ दिसली तर रोग आहे हें नक्की. पण दिसली नाहीं तर रोग नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. रोपवाटिकेंतील हजारों रोपांपैकीं दहावीस रोपांच्या एखाद्या मुळींत बाधा असेल, तीही आरंभींची. तपासनिसानें चाकू घेऊन किती मुळ्या सोलाव्या? आणि सोललेलें रोप पुन्हां विकावयाचें कसें? चांगल्या दिसणाऱ्या रोपांच्या जुड्यांतूनच रोग गांवोगांव हिंडत होता, आणि विकणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक होते.

या अडचणींतून स्कॉटलंडच्याच एका शास्त्रज्ञानें वाट काढली. जे. एम. डंकन यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध केलेली पद्धति इतकी साधी आहे कीं ती कोणासही समजावी. पुष्कळ रोपांच्या मुळ्यांचीं नुसतीं टोंकें कापून घ्यावयाचीं. रोपांस त्यानें अपाय होत नाहीं. तीं सर्व टोंकें बारीक चिरून कुंडींतील मातींत मिसळावयाचीं, आणि त्या मातींत या रोगास चटकन बळी पडणाऱ्या रानस्ट्रॉबेरीचीं रोपें लावून कांहीं आठवडे थंड व ओल्या जागीं ठेवावयाचीं. शेंकडों टोंकांत एखादें जरी बाधलेलें असलें, तरी त्यांतून निघालेले बीजाणु पोहत त्या नाजूक रोपांच्या मुळ्यांकडे जातात, आणि त्या मुळ्या सोलल्या म्हणजे तीच तांबडी रेघ दिसते. खाणींत विषारी वायूची खबर मिळावी म्हणून पिंजऱ्यांतला पक्षी नेत असत, तशीच ही योजना. डोळ्यांस जें दिसत नव्हतें तें एका दुबळ्या रोपाकडून वदवून घेतलें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत, बाधलेल्या मुळींतील या जीवाचें आनुवंशिक द्रव्य नळींत लक्षावधि पटींनीं वाढवून ओळखण्याची पद्धति आली, आणि आठवड्यांचें काम एकदोन दिवसांवर आलें. अल्कॉकबाईंच्या हातांतील चाकूपासून येथवरच्या प्रवासाकडे पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: प्रत्येक पायरीवर मनुष्यानें रोग दिसण्याचा दिवस थोडा थोडा मागें ओढला, आणि तो रोग जडण्याच्या दिवसाजवळ आणून ठेवला.

जेथें असें दिसणें साधलें नाहीं तेथें काय झालें, याचें उदाहरण अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सांपडतें. तेथील स्ट्रॉबेरीस व्हर्टिसिलियम नांवाच्या बुरशीनें ग्रासलें होतें. टोमॅटोसारख्या पिकांवर वाढून तिचे सूक्ष्म काळे कण मातींत वर्षानुवर्षें पडून राहतात, आणि स्ट्रॉबेरी लावली कीं मुळींतून शिरून रोपास वाळवितात. कोणत्या शेतांत असे कण किती आहेत, हें बागाईतदारास सहजासहजीं कळत नव्हतें. म्हणून १९५० नंतर तेथें निराळाच मार्ग धरला गेला. पहिल्या महायुद्धांत खंदकांतील सैनिकांवर सोडलेला क्लोरोपिक्रिन वायु आणि मेथिल ब्रोमाइड हा दुसरा विषारी वायु यांचें मिश्रण जमिनींत सोडून, वरून प्लास्टिकचें आच्छादन घालून, लागवडीपूर्वीं सर्व मातीच निर्जंतुक करावयाची! त्यायोगें पीक वाढलें यांत संशय नाहीं, आणि लवकरच तेथील बहुतेक स्ट्रॉबेरी अशाच मातींत होऊं लागली. त्या शेतकऱ्यांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. चोर कोणत्या खोलींत आहे हें कळेना, म्हणून त्यांनीं सगळ्या घरांत धूर केला.

परंतु मेथिल ब्रोमाइड मातींतून निघून वातावरणाच्या वरच्या थरांत जातो, आणि सूर्याच्या घातक किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनचा नाश करतो, हें पुढें सिद्ध झालें. ओझोनच्या रक्षणासाठीं १९८७ सालीं झालेल्या मॉन्ट्रियल कराराच्या यादींत १९९२ सालीं या वायूचा समावेश झाला. प्रगत देशांनीं २००५ पर्यंत त्याचा सामान्य वापर बंद करावयाचा असें ठरलें, आणि कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीस मिळालेली खास सवलतही २०१६ नंतर उरली नाहीं. तो वायु मागें पडूं लागला त्याच सुमारास, मातींत राहणारे आणखी दोन बुरशीजन्य रोग तेथील शेतांत डोकें वर काढूं लागले. अखेर तेथेंही लागवडीपूर्वीं मातीचा नमुना तपासून कोणता शत्रु किती प्रमाणांत आहे हें शोधण्याकडे संशोधकांस वळावें लागलें. एका फळाच्या मुळींतला रोग वेळेवर दिसला नाहीं, तर त्याची किंमत आकाशापर्यंत जाऊन भरावी लागते, असें हें विलक्षण उदाहरण आहे.

आतां शेवटीं आपल्या घराजवळ येऊं. भारतांतील स्ट्रॉबेरीचा मोठा भाग महाबळेश्वर-पांचगणीच्या डोंगराळ पट्ट्यांत पिकतो, आणि २०१० सालीं ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’स भौगोलिक चिन्हांकन मिळालें. तांबड्या गाभ्याचा रोग तेथें आहे असें मी सुचवीत नाहीं. स्कॉटलंडची हवा निराळी आणि सह्याद्रीची निराळी. पण रोपें फिरण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यांत आईरोपांपासून रनर धरून रोपें वाढवितात, पाऊस ओसरतांच तीं गादीवाफ्यांवर लावतात, आणि हीं आईरोपें पुष्कळदां समुद्रापलीकडून आलेलीं असतात. २००३ सालच्या सरकारी आदेशान्वयें बाहेरून येणाऱ्या रोपांबरोबर तीं रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. तपासणीच्या या व्यवस्थेस पुष्कळजण कारकुनी कटकट समजतात. ज्यानें लॅनार्कशायरची हकीकत ऐकली तो तसें समजणार नाहीं. एक-दीड एकराचा बागाईतदार रोपें, आच्छादन, खत व मजुरी यांत वर्षाचें भांडवल हंगामाच्या आरंभींच मातींत घालतो. रोगट रोप घरीं आलें तर त्या वर्षाचें पीक तर जातेंच, पण पुष्कळदां ती जमीनही पुढील कित्येक वर्षें त्या पिकास पारखी होते.

म्हणून गादीवाफ्यावर पाणी सांचूं न देणें, खुरटलेलें रोप नुसतें उपटून बांधावर न टाकतां त्याची मुळी सोलून पाहणें, एका शेतांतील माती अवजारांबरोबर व पायांबरोबर दुसऱ्या शेतांत जाऊं न देणें, आणि रोपें घेतांना त्यांच्या आईची चौकशी करणें, या जुन्याच गोष्टी आजही उपयोगाच्या आहेत. प्रयोगशाळेंतील नव्या पद्धति त्यांच्या जोडीस आल्या आहेत. त्यांनीं या गोष्टींची जागा घेतलेली नाहीं. आपण शहरांत राहणारे लोक. आपल्या हातीं येतें तें तयार फळ. पुढल्या हिवाळ्यांत पेटींतील एखाद्या फळावर करडी लव दिसली, तर तें फळ टाकून देतांना एवढें आठवावें, कीं ही लव आज आपणांस दिसली, पण आंत ती फुलाच्या दिवसांतच शिरली होती. आणि तिच्यासारखे इतर रोग आपल्या दारापर्यंत पोंचूं नयेत म्हणून कोणीतरी, कोठेंतरी, चिखलांत गुडघे टेकून एक मुळी सोलून पाहत असतो.